ज्या टेस्टचे मार्क कुठेच धरत नाहीत, तिच्यात पोरगा कॉपी का करतो?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे, नीटची तयारी करतो. दहावीला 93 टक्के होते. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट असते, एक बॅच सकाळी, एक दुपारी. सकाळच्या मुलांनी पेपरचे फोटो ग्रुपवर टाकले. यानं बसून उत्तरं पाठ केली आणि दुपारी जाऊन गोळे काळे केले. क्लासवाल्यांनी दुपारच्या पेपरात काही प्रश्नांचे पर्याय मागेपुढे केले होते, त्यात हा सापडला. त्यांनी माफीनामा आणि शपथपत्र लिहून घेतलं. मॅडम, या टेस्टचे मार्क कुठेच धरत नाहीत, मग असं का करावं? आमच्या घरात हे संस्कार नाहीत. कॉलेजही आम्ही बाहेरचं घेतलंय, तिथे जावं लागत नाही, म्हणजे पूर्ण वेळ अभ्यासालाच आहे. त्याचे बाबा दोन दिवस त्याच्याशी बोललेले नाहीत. हे रेकॉर्डवर येईल का? क्लास बदलावा का? (एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर :

ताई, रेकॉर्डचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव थाऱ्यावर राहील. क्लासची रविवारची टेस्ट ही क्लासच्या घरातली गोष्ट. तिची नोंद ना बोर्डाकडे जाते, ना नीट घेणाऱ्या एनटीएकडे. ज्या कायद्याचं नाव घेऊन हल्ली घाबरवतात, तो सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा 21 जून 2024 पासून लागू झाला. पेपर फोडणारे, उत्तरपत्रिकेत फेरफार करणारे, दुसऱ्याच्या जागी डमी बसवणारे यांना त्यात 3 ते 5 वर्षं कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. टोळी करून केलं तर 5 ते 10 वर्षं आणि किमान 1 कोटी. परीक्षेला बसलेल्या पोराला मात्र तो कायदा गुन्हेगार धरत नाही. त्याचा निकाल रद्द करायचा की पुढच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही, हे परीक्षा घेणारी संस्था आपल्या नियमांनी ठरवते. आपल्या राज्याचा 1982 चा कायदा आहे तो बोर्ड आणि विद्यापीठाच्या परीक्षांसाठी. तुमच्या मुलाचा या कशाशीच संबंध आलेला नाही. तेव्हा वकील वगैरे शोधत असाल तर थांबा.

दुसरी गोष्ट आजच करायची आहे. बाबांचा अबोला संध्याकाळच्या आत संपवा. पकडलं गेल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस मला कॉपीपेक्षा जास्त काळजीचे वाटतात. बाहेर सगळ्यांना कळलंय, घरात बाप तोंड फिरवून बसलाय, आणि पोरगा खोलीत एकटा. हुशार म्हणून वाढलेल्या पोराला हे फार झोंबतं. बाबांनी समजूत घालावी असं नाही, नुसतं "जेवायला ये" म्हटलं तरी चालेल. तो जेवत नसेल, झोपत नसेल, "आता काही अर्थ नाही" असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि 14416 वर फोन लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मी 22 वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून उभी राहिले, दोन वर्षं भरारी पथकात फिरले, आणि गेली 11 वर्षं धंतोलीत मुलांचं समुपदेशन करते. "आमच्या घरात हे संस्कार नाहीत" हे वाक्य मी आईबापांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. आणि ताई, ते बहुतेक वेळा खरं असतं. रस्त्यात सापडलेलं पाकीट परत करणारी, आजीची औषधं वेळेवर देणारी पोरं माझ्यासमोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली आहेत.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी 1928 मध्ये जवळपास 11 हजार शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना फसवणूक करता येईल अशा तऱ्हतऱ्हेच्या जागी त्यांनी ठेवलं. पेपर स्वतःचा स्वतः तपासायला दिला, घरी करायला दिला, खेळात गुण स्वतः मोजायला लावले. त्यांना वाटलं होतं, प्रामाणिक पोरं एका बाजूला निघतील आणि लबाड दुसऱ्या बाजूला. तसं झालं नाही. वर्गात कॉपी करणारं पोरगं खेळात इमानदार निघालं, खेळात लबाडी करणारं वर्गात सरळ वागलं. एका ठिकाणचं वागणं पाहून दुसऱ्या ठिकाणचं फारसं सांगता येईना. म्हणून मी "हा असा कसा निघाला?" हा प्रश्न बाजूला ठेवते आणि विचारते, कोणता पेपर, कोणता दिवस, शेजारी कोण होतं, आणि मार्क कुणाला दाखवायचे होते?

हे कळायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे चिठ्ठी वाचणे. मी गंमत करत नाहीये. चिठ्ठी पकडली की लोक ती फाडतात किंवा पंचनाम्याला लावतात, वाचत कुणी नाही. भरारी पथकात असताना एका सेंटरवर पेपर संपल्यावर मी खिडकीखालचा कचरा उचलून पाहिला होता. त्यात दोन जातींच्या चिठ्ठ्या होत्या. एक मायक्रो झेरॉक्सची : गाईडचं पान तळहाताएवढं लहान करून, पट्ट्या कापून, पंख्यासारखी घडी घातलेली. ती बाहेर विकत मिळते. ती वापरणाऱ्यानं वर्षभर पुस्तक उघडलेलं नसतं, आणि बरेचदा त्याला त्या पट्टीत उत्तर कुठे आहे तेही सापडत नाही. दुसरी हातानं लिहिलेली. बारीक, स्वच्छ अक्षर, सूत्रांभोवती चौकट, वर लाल पेननं प्रकरणाचं नाव. ती लिहायला पोरीनं रात्रीचे दोन तास घातलेले असतात आणि लिहितालिहिता तिला ते पाठही झालेलं असतं. अशाच एका मुलीला मी नंतर कोऱ्या कागदावर सूत्रं लिहायला सांगितली. चौदापैकी बारा बरोबर आली. चिठ्ठी उघडलीसुद्धा नव्हती तिनं. "ती जवळ होती म्हणून हात थरथरला नाही मॅडम," म्हणाली. बोर्डाच्या शिक्षासूचीत या दोन चिठ्ठ्यांना एकच माप. माझ्याकडे आल्या तर पहिलीचा उपाय अभ्यासाच्या सवयीत असतो, दुसरीचा भीतीत. औषध चुकलं की आजार वाढतो.

तुमच्या मुलाची चिठ्ठी त्याच्या डोक्यात होती. ती कशी आहे ते बघा. बी, डी, ए, ए, सी अशी निरर्थक अक्षरांची रांग त्यानं तीनेक तासांत पाठ केली आणि क्रम न चुकता दुपारी उतरवली. ताई, हे आळशी पोराचं काम नाही. तेवढ्या वेळात एखादं प्रकरण निघालं असतं, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणजे त्याला अभ्यास टाळायचा नव्हता. मग काय टाळायचं होतं?

मला वाटतं, संध्याकाळचा मेसेज. तुम्ही लिहिलं नाहीत, पण नागपुरातल्या बहुतेक क्लासांचा रिवाज मला माहीत आहे. टेस्ट झाली की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पालकांच्या फोनवर मार्क आणि रँक येते. रँकवरून बॅच ठरते. वरच्या बॅचला नाव काहीतरी चमकदार असतं, चांगले सर तिकडे असतात, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी कोण वर गेलं, कोण खाली आलं याची यादी लागते. म्हणजे "मार्क कुठेच धरत नाहीत" हे तुमचं वाक्य बरोबर नाही. कॉलेजात धरत नाहीत, नीटमध्ये धरत नाहीत. तुमच्या फोनवर धरतात. जेवणाच्या टेबलावर धरतात. त्याच्या बाबांची बुटीबोरीची शिफ्ट असो की दुकान असो, तो मेसेज वाचताना त्यांचा चेहरा कसा होतो, हे पोरगा दोन वर्षं बघून राहिला आहे.

एक साधी तपासणी करा. मागच्या सहा महिन्यांचे क्लासचे मेसेज फोनवर असतील. रँक घसरलेली तारीख शोधा आणि आठवा, त्या रात्री घरात काय बोलणं झालं. रागावलात असं मी म्हणत नाही. "अरे, तू तर हुशार आहेस, तुला काय अवघड आहे?" एवढंच म्हटलं असेल. हेच वाक्य सगळ्यात महाग पडतं. 1998 मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना एक सोपी चाचणी दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू छान मेहनत केलीस. मग मुद्दाम अवघड चाचणी दिली, सगळे आपटले. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले मार्क नाव न घालता एका कागदावर लिहायचे होते. "हुशार" म्हटलेल्यांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास मुलांनी मार्क वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होतं. कागदावर नाव नव्हतं, समोरचा अनोळखी होता, बक्षीस नव्हतं. तरी वाढवले. कारण "हुशार" ही पदवी एकदा चिकटली की प्रत्येक टेस्ट तिच्यावर घाला घालायला येते.

तुमच्या मुलाला दहावीला 93 पडले. मानेवाड्याच्या गल्लीत पेढे वाटले असतील, कुणीतरी चौकात फलकही लावला असेल. नीटच्या क्लासमध्ये त्याच्या बाकावर पाचही पोरं 93 ची आहेत. नीटला 180 प्रश्न, 720 मार्क, चुकलं तर एक मार्क वजा. दहावीत पान भरून लिहिलं की काहीतरी पडायचं, इथे लिहिण्याची किंमतच नाही. 2024 मध्ये 23 लाखांवर पोरं या परीक्षेला बसली. एवढ्या गर्दीत आपण हुशार नसून साधारण आहोत, हे सतराव्या वर्षी कळणं म्हणजे काय असतं, ते एकदा आठवून बघा. आपल्याला ते तिशीत कळलं, तेही हळूहळू.

हे झालं भीतीचं. पण भीती प्रत्येकालाच असते आणि प्रत्येक जण कॉपी करत नाही. मधे एक पायरी असते, आणि ती म्हणजे बाकीची पोरं.

कॉपीच्या संशोधनात डोनाल्ड मकेब या अमेरिकन प्राध्यापकांनी आयुष्य घातलं. लिंडा ट्रेव्हिनो यांच्यासोबतच्या 1993 च्या अभ्यासात 31 कॉलेजांतले 6 हजारांवर विद्यार्थी होते. पकडलं जाण्याची शक्यता, शिक्षेची कडकी, नियमांची माहिती, सगळं तपासलं. सगळ्यांत वजनदार निघाली ती एकच गोष्ट : सोबतचे काय करतात असं त्या मुलाला वाटतं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभं राहिलं की हे कानांनी ऐकू येतं. पहिला अर्धा तास सगळे गप्प. मग कोपऱ्यात एक कागद कुरकुरतो. आपण तिकडे गेलो नाही, की दोन मिनिटांत तीन बाकांवर कुरकुर. तिथेही गेलो नाही, तर वर्ग गेला हातचा. पहिलं पोरगं कदाचित निर्ढावलेलं असेल, पण चौथं-पाचवं तसं नसतं. ते फक्त हिशोब करतं की आता न करणाऱ्याचं नुकसान आहे.

माझ्याकडे आलेल्या एका पोरानं हा हिशोब अस्सल नागपुरी बोलीत मांडला होता. "मॅडम, सकाळचे सगळेच टाकून राहिले ग्रुपवर. मी एकट्यानं नाही पाहिलं, तर मीच पागल ना!" त्याच्या डोक्यात चोरी नव्हतीच, बरोबरी होती. तुमच्या मुलाला विचाराल तर तोही हेच म्हणेल असं मला वाटतं. आणि त्यात तथ्य आहे. एकच पेपर दोन वेळांना घ्यायचा, मधे चार तास सोडायचे, सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि रँक मात्र एकत्र लावायची. ही व्यवस्था करणाऱ्यानं माफीनामा फक्त पोराकडून घेतला. बोर्डानं निदान शहाणपण दाखवलं. पूर्वी प्रश्नपत्रिका 10 मिनिटं आधी वाचायला मिळायची, पेपर मोबाइलवर फिरू लागले तशी 2023 मध्ये ती सवलत काढली आणि ती 10 मिनिटं शेवटी जोडून दिली. जागा बंद केली की भानगड कमी होते, त्यासाठी पोरांचं मन बदलायची वाट बघावी लागत नाही.

त्या 2024 च्या नीटचं तर विचारू नका. आधी 67 जणांना पैकीच्या पैकी, मग वाढीव गुणांचा घोळ, 1563 जणांना फेरपरीक्षेचा पर्याय, पेपरफुटीचा तपास, आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं परीक्षा रद्द करायला दिलेला नकार. कायद्याच्या बाजूनं जे झालं ते झालं, पण तेव्हा शाळेत असलेल्या पोरांनी त्यातून एकच घेतलं, "वरपर्यंत असंच चालतं." आमच्या पिढीनं 1999 मध्ये नागपूर विद्यापीठाचा फेरमूल्यांकनातला गुणवाढीचा घोटाळा पाहिला, तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो.

आता जरा कडू बोलते. रागावू नका, कारण यात मी स्वतःलाही धरते.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : "कॉलेजही आम्ही बाहेरचं घेतलंय, तिथे जावं लागत नाही." नागपुरात हे इतकं सर्रास आहे की त्याला नाव घ्यायलाही कुणी लाजत नाही. प्रवेश शहराबाहेरच्या कॉलेजात, पोरगा दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर. शासनानं 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याच प्रकारासाठी, आणि तरी काय चाललंय ते तुम्हाला-मला दिसतंच आहे. पण पोराच्या बाजूनं बघा. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही दोघं त्याला घेऊन गेलात. त्याच्यासमोर ठरलं की हा इथे येणार नाही आणि येतो असं लिहिलं जाईल. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी 30 मार्क प्रॅक्टिकलचे. ते प्रयोग न करता मिळणार हेही तिथेच ठरलं. कुणी खोटं बोलतोय असं कुणालाच वाटलं नाही, कारण "सगळेच करतात" आणि "पोराच्या भल्यासाठी आहे". रविवारी दुपारी त्यानं स्वतःला जी दोन कारणं सांगितली असतील, ती हीच. शिकला कुठे, हे शोधायला क्लासपर्यंत जायची गरज नाही.

आणि मी? मी 22 वर्षं जर्नलवर सह्या केल्या. अकरावीचा साधा लोलक घ्या. एक मीटर दोरा, 20 आंदोलनं, स्टॉपवॉच. खरोखर मोजलं तर कुणाचं 39.7 सेकंद येतं, कुणाचं 40.6, कारण अंगठा कधी लवकर दाबला जातो, कधी उशिरा. माझ्यासमोर येणाऱ्या साठ जर्नलांत मात्र साठही पोरांना 40.1. त्यावरून काढायचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर 9.8 यायला हवं, म्हणून ते आधी लिहायचं आणि उलटं गणित करत रीडिंगं जुळवायची. मला दिसत होतं. वेळ नव्हता, दोनच स्टॉपवॉच चालू होती, परीक्षा तोंडावर. मी सही करायची. एकदा एका पोरीनं खरंच मोजून 9.5 आणलं, तर मी तिला म्हटलं, "नीट कर, 9.8 आलं पाहिजे." तिला कळलं, काय करायचं ते. तो दिवस मला अजून टोचतो, कारण त्या वर्गात खरं काम केलेली ती एकटीच होती आणि जर्नल परत गेलं ते तिचंच.

त्याआधी शाळेत पर्यावरणाचे प्रकल्प झाले. ते स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणले गेले, किंवा आईनं रात्री जागून चिकटवले. तोंडीचे 20 पैकी 19-20 सरसकट पडले. हल्ली एआयला विचारून निबंध लिहितात म्हणून शिक्षक ओरडतात, पण पोरांना त्यात नवं काही वाटत नाही. पूर्वी काकू लिहून द्यायची, आता फोन देतो. बारा वर्षं आपण त्यांना शिकवतो की काम आणि मार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मग एका रविवारी त्यांनी ते खरं मानलं की दचकतो.

क्लासनं शपथपत्र लिहून घेतलं, त्याबद्दल. त्याचा फार भरवसा धरू नका. 2012 मध्ये एक शोधनिबंध गाजला होता की प्रामाणिकपणाची सही अर्जाच्या खाली न घेता वर घेतली तर लोक कमी खोटं लिहितात. जगभरच्या कार्यालयांनी तो उचलला. पुढे त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट असल्याचं उघड झालं आणि 2021 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातच कॉपी! हे मी मुलांना सांगते तेव्हा ती पहिल्यांदा हसतात, आणि मग बोलायला लागतात.

तेव्हा करायचं काय?

पहिल्या बोलण्यात "का केलंस" विचारू नका. "का" विचारलं की पोरगा वकील होतो. "त्या दिवशी सकाळी काय काय झालं, उठल्यापासून सांग" असं विचारा आणि मधे बोलू नका. फोटो किती वाजता आला, त्याआधी तो काय वाचत होता, फोटो उघडायच्या आधी किती वेळ गेला. तो वेळ महत्त्वाचा. बरीच पोरं सांगतात, "पंधरा मिनिटं फोन उलटा ठेवला होता." त्या पंधरा मिनिटांबद्दल बोला, तिथे तुमचे संस्कार सापडतील.

क्लासला सांगून रँकचा मेसेज दोन महिने बंद करून घ्या. बंद करत नसतील तर तो नंबर मुलाचाच द्या. मार्क त्यानं स्वतः येऊन सांगायचे, आणि सांगितल्यावर तुम्ही एकच विचारायचं, "कोणते चुकले?" किती पडले याच्यावर चेहरा हलवायचा नाही. बाबांना हे अवघड जाईल, त्यांना तसं आधी सांगून ठेवा. पहिल्या दोन-तीन टेस्टमध्ये मार्क धाडकन पडतील. पडू द्या. कदाचित खालची बॅच मिळेल. तीही मिळू द्या. त्याला ज्याची भीती होती ते घडलं आणि घरात तरी पोहे झाले, चहा झाला, कुणी मेलं नाही, हे त्याला एकदा अनुभवायला हवं. ते झाल्याशिवाय भीती जाणार नाही.

शिक्षा हवीच असेल तर एक सुचवते. ज्या प्रश्नांत पर्याय उलटे होते म्हणून तो सापडला, तेवढे प्रश्न त्यानं पूर्ण सोडवून, रीत लिहून, स्वतः सरांकडे घेऊन जायचे. तुम्ही सोबत जायचं नाही. सरांशी एकट्यानं बोलताना त्याला घाम फुटेल, तेवढी शिक्षा पुरते.

ग्रुप सोडायला लावू नका. तो सोडेल आणि दुसऱ्या नावानं दुसरा उघडेल, वर मित्र तुटतील. त्यापेक्षा रविवारी सकाळपासून टेस्टपर्यंत फोन तुमच्या कपाटात. हे त्याच्याशी बोलून ठरवा, हिसकावून घेऊ नका. आणि शक्य असेल तर दोनचार पालक मिळून क्लासला जा आणि म्हणा, दोन्ही बॅचला वेगळे पेपर काढा, नाहीतर एकाच वेळी टेस्ट घ्या. फी भरणाऱ्यांचं ऐकतात.

कॉलेजचं काय करायचं हे मी सांगणार नाही. बारावीच्या मध्यात तुम्ही ते बदलाल असं मला वाटत नाही, आणि बदला म्हणण्याइतकी मी भोळीही नाही. पण त्याच्याशी त्यावर बोला. "तुझ्या प्रवेशाच्या वेळी आम्हीही खोटं लिहून घेतलं, आम्हाला ते तेव्हा खोटं वाटलं नाही," एवढं वाक्य बाबांच्या तोंडून आलं तर शपथपत्रापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. आणि प्रॅक्टिकलचे चार-पाच प्रयोग तरी त्याला खरोखर करायला मिळतील असं बघा. आठवडाभर रोज एक तास कॉलेजची प्रयोगशाळा उघडून मागा. लोलकाचं उत्तर 9.5 आलं तर 9.5 लिहू द्या.

क्लास बदलायचा का? आत्ता नाही. पकडला गेला त्या आठवड्यात क्लास बदलला तर त्याला समजेल की अशा वेळी जागा सोडून पळायचं असतं. नव्या जागी पुन्हा तीच टेस्ट, तीच रँक, फक्त मित्र नाहीत. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर वेगळे पेपर निघाले नाहीत आणि मेसेजही बंद झाला नाही, तर मात्र बदला, आणि नवा क्लास बघताना निकालाच्या फलकाआधी विचारा, "रविवारची टेस्ट किती बॅचेसमध्ये घेता?"

त्याला भेटायला आणायचं असेल तर गुरुवारी दुपारी चारनंतर आणा, आणि आधी विचारून आणा. तो "नाही" म्हणाला तर तुम्ही दोघं या. येताना दोन्ही बॅचचे पेपर घेऊन या.